इसाव्याची उंची

पुणे,
३० जानेवारी २०००

आत्या,

वाकून नमस्कार. तुझे कार्ड काल पोचले. साक्षरता वर्गात जाऊन तू लिहायला शिकलीस त्याला आता सात वर्षे होतील, तरी अकरा ओळींच्या मजकुरात मला चौदा चुका सापडल्या. ‘पन’ नव्हे, ‘पण’. ‘आमी’ नव्हे, ‘आम्ही’. रागावू नकोस. ज्या बाईने पंचावन्नाव्या वर्षी पाटी हातात धरली तिने एवढ्यावर थांबावे, हे मला पटत नाही.

मुरबाडच्या नाक्यावर फीत घेऊन मापे घेणारी माणसे कोणाची, असे तू विचारले आहेस. ती माझी. पेठेतून जाणाऱ्या रस्त्याची नवी आखणी करण्याचे काम आमच्या संस्थेकडे आले आणि ते मी मागून घेतले. कल्याणहून नगरकडे जाणारे ट्रक, एस.टी. स्थानकाच्या तोंडाशी वळणाऱ्या गाड्या, मध्येच उभ्या राहणाऱ्या जिपा आणि हातगाड्या या सर्वांनी तो रस्ता आपसांत वाटून घेतला आहे. चालणाऱ्याने जायचे कुठून, हा प्रश्न तिथे आजवर कोणी विचारलेला दिसत नाही. मी तो विचारणार आहे. दोन्ही बाजूंना सलग पदपथ, जिपांना स्थानकामागे जागा, मालवाहू गाड्यांना एकेरी मार्ग आणि ओलांडण्यासाठी आखलेले पट्टे, असा माझा आराखडा आहे.

त्यासाठी २०, २१ आणि २२ जानेवारी या तीन दिवशी सकाळी सात ते सायंकाळी सात आम्ही नाक्यावरचा प्रत्येक पादचारी मोजला. आकड्यांवाचून केलेली आखणी म्हणजे केवळ मत, आणि मते मुरबाडात आधीच भरपूर आहेत.

आपल्या गावाकडची वाट जिथे पेठेला मिळते, तो कोपरा सर्वांत वाईट आहे. वळणापलीकडची गाडी तिथे दिसत नाही. काम पुरे होईपर्यंत तू बाजाराला आलीस की ओलांडण्यापूर्वी थांब आणि मान वळवून दोन्ही बाजूंना नीट पाहा. त्या कोपऱ्यावर मला तुझी काळजी वाटते.

तुझा
रवींद्र

———

१४ फेब्रुवारी

रवी,

तुझ्या डोक्यावर हात. चौदा चुका मोजल्यास म्हंजे कार्ड सगळं वाचलंस. बरं वाटलं.

आमी म्हसाला जाऊन आलो. वरल्या आळीच्या, खालच्या आळीच्या सगळ्या बाया, लहानी आनि तिची लेक शकू पन. चार दिवस घराला नुसत्या कड्या. तुला जत्रेत घोंगडी घेतली हाय, काळी, किनार तांबडी. दुकानदार म्हनाला पुन्याला थंडी असते. मी म्हनलं, माझा भाचा तिथं साहेब हाय, त्याला थंडी विचारूनच वाजते.

एक सांगायचं हाय. रस्ता कर. पन नाक्यावरचा इसावा ठेव. त्याला हात लावू नको.

पारू आत्या

———

पुणे,
९ मार्च २०००

आत्या,

नमस्कार. प्रथम शब्दाविषयी. तू ‘इसावा’ लिहिले आहेस. शुद्ध रूप ‘विसावा’. प्रेतयात्रा निघाली की तिरडी वाटेत एकदा खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात आणि मग पुढे जातात. त्या जागेला विसावा म्हणतात. नाक्यावरचा दगड त्या जागेचा आहे हे मला ठाऊक आहे.

तो दगड काढावा लागेल. कारणे सांगतो, म्हणजे मी लहरीने काही करतो असे तुला वाटायला नको. वळणाऱ्या ट्रकच्या चालकाला जेवढा रस्ता दिसायला हवा, त्यातला अकरा मीटरचा तुकडा त्या दगडाआड जातो. स्मशानाकडे आता नदीकाठाने निराळा रस्ता झाला आहे, त्यामुळे तिरडी नाक्यावरून जाण्याचे कारण उरलेले नाही. आणि तीन दिवसांच्या, छत्तीस तासांच्या मोजणीत त्या दगडापाशी एकही माणूस थांबल्याची नोंद नाही. माझ्या नकाशावर तो ‘अडथळा क्रमांक सात’ आहे.

त्याच्या थोडे अलीकडे मी एक बाक बसवतो आहे. घडीव दगडाचा, जमिनीपासून पंचेचाळीस सेंटिमीटर उंच. वृद्ध माणसाला बसायला आणि उठायला हीच उंची योग्य, हे अभ्यासाने ठरलेले आहे. माणसाने जिवंतपणी टेकावे याची सोय मी करतो आहे. मेल्यानंतर टेकायची सोय कोणीही कुठेही करावी.

या विषयावर मला याहून अधिक लिहायचे नाही.

घोंगडी तुझ्यापाशीच ठेव. दिवाळीला येईन तेव्हा नेईन.

रवींद्र

———

२ जुलै

रवी,

डोक्यावर हात. रस्ता चांगला झाला. शाळेची पोरं तुझ्या पदपथावरनं रांगेनं जातात. पयल्यांदा मास्तरीणबाई हात धरत होती, आता धरत नाय. जिपा मागं गेल्या. जिपावाले तुला शिव्या देतात, त्या मी तुला लिहिनार नाय.

लहानी गेली. ज्येष्ठात. ताप आला, तीन दिवसांत सगळं झालं.

मी आता बाजाराला जात नाय. गुडघं दुखतात. कंटोळी या साली चांगली आली हायत. शेजारी वाटली.

पारू आत्या

———

पुणे,
२० ऑगस्ट २०००

आत्या,

लहानीमावशीचे वाचून वाईट वाटले. तुम्ही दोघी मला कधी वेगवेगळ्या आठवतच नाहीत. पाट्या डोक्यावर घेऊन एकीमागे एक चालणाऱ्या, आणि पुढची काय बोलली ते मागचीला न ऐकू आल्याने दोघींचे भांडण.

बाजार बंद केलास हे मात्र योग्य केलेस. दीड तासाची चाल, डोक्यावर ओझे, आणि वय बासष्ट. हे फार पूर्वीच थांबायला हवे होते. गुडघ्यांसाठी तेल पाठवतो आहे. सोबतच्या कागदावर लिहिल्याप्रमाणे दोन वेळा लावावे, मनाला येईल तेव्हा नव्हे.

नाक्याच्या कामाची मांडणी मी मागच्या महिन्यात एका परिषदेत केली. दिल्लीहून आलेल्या एका ज्येष्ठ अभ्यासकांनी नकाशा मागून घेतला. जूनपासून त्या कोपऱ्यावर एकही अपघात नाही. हे मी फुशारकीने लिहीत नाही. पण लिहितो आहे, हेही खरे.

एक गोष्ट खटकते. पाहणीत असे दिसले की बाकावर कोणी बसत नाही, आणि गावाकडून येणाऱ्या बायका पदपथ सोडून, कोपऱ्यावर न थांबता सरळ रस्त्यात उतरतात. इतके चांगले काम हाती दिले तरी शिस्त नसेल तर त्याला इलाज नाही. तुझे त्या ऐकतात. तू त्यांना समजाव.

रवींद्र

———

१५ ऑक्टोबर

रवी,

डोक्यावर हात. हे पत्र मोठं हाय. चार दिवस लिहिते हाय. चुका मोजू नको, आधी वाच.

मी तुला खोटं लिहिलं. माझं गुडघं चांगलं हाय. तुझं तेल शेजारच्या बुधू गवंड्याला दिलं, त्याची पाठ दुखते.

शकू आली होती. ती आता पेठेतच भाजी घेऊन बसते, तिला सगळं दिसतं. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, बायांना शिस्त नाय ते. ती हसली. म्हनली, “मावशी, तुझा भाचा लय शिकला गो, पन त्याच्या डोक्यावर पाटी कधी आली नाय.” मला राग आला. मग मला वाटलं, त्याला सांगितलं कोनी? मीच नाय सांगितलं. म्हनून लिहिते.

इसावा मढ्याचा नाय. मढं तिथं टेकवायचे, पन खाली, दगडाच्या पायाशी. वर दगडावर आमचं ओझं. पाटी नायतर भारा घरनं निघताना दुसरीनं डोक्यावर द्यायचा असतो. एकटीला तो जमिनीवरनं डोक्यावर घेता येत नाय. वाटेत खाली ठेवला, की मानूस येईपर्यंत तिथंच बसायचं. इसावा खांद्याएवढा असतो. ओझं डोक्यावरनं दगडावर सरकवायचं, तसंच परत डोक्यावर घ्यायचं. कोनाला हाक मारायला नको.

तू लिहिलंस, मान वळवून दोन्ही बाजूंना बघ. रवी, डोक्यावर पाटी असली की मान वळत नाय. नाक्यावर इसाव्याला ओझं टेकवायचं, मान मोकळी करायची, दोन्हीकडं बघायचं, मग ओझं घ्यायचं आनि ओलांडायचं. आमच्या सासवा तशाच करायच्या. आता टेकवायला जागा नाय, म्हनून बाया समोर बघत सरळ उतरतात. गाडीवाल्यानं बघावं.

लहानी होती तोवर ती माझं उतरवायची, मी तिचं. ती गेल्यावर मी एकदा एकटी गेले. तुझ्या बाकावर पाटी ठेवली. ठेवली खरी, उचलता येईना. बाक गुडघ्याएवढा. ऊन चढलं, पाटीतली शेवळाची भाजी सुकली. एक जीपवाला आला, त्यानं उचलून दिली. म्हनाला, “आजी, हे बसायला हाय, ठेवायला नाय.” चांगला पोरगा होता. पन मी परत गेले नाय. दर बाजाराला कोनाची वाट बघायची. बाजार म्हंजे माझी शकू, माझी दहा मानसं बोलायला. आता मी घरात भांड्यांशी बोलते.

तुमी तीन दिवस मोजलंत. ते तीन दिवस आमी म्हसाला होतो. मी लिहिलं होतं तुला.

आता दुसरं. तुझी आई, जना, तुला कडेवर घेऊन बाजाराला यायची. डोक्यावर पाटी, कडेवर तू. इसाव्यावर पाटी सरकवली की तिचे दोन्ही हात सुटे. मग तुला पुढं घ्यायची, त्या दगडाच्या सावलीत बसून पाजायची. तू मोठा झालास तरी तिथं आलं की हट्ट करायचास. लहानी तुला चिडवायची, नाक्याचं वासरू म्हनायची.

तुला हे आठवत नसेल. तुला एकच दिवस आठवत असेल. तू नऊ वर्षांचा होतास. तेव्हाच तू दगडाकडं पाठ करून उभा होतास, मी बघितलं होतं. नंतर मामानं तुला किन्हवलीला नेलं, तू त्या वाटेनं परत आलाच नाय. मला हे मार्चातच कळायला हवं होतं. मी तुझा राग कागदावर बघितला आनि गप बसले.

पारू आत्या

———

पुणे,
२ नोव्हेंबर २०००

आत्या,

तुझे पत्र वाचून मी त्याच दिवशी एस.टी.ने मुरबाडला गेलो. तुझ्याकडे न येता परत आलो. समोर उभे राहण्याइतके धैर्य नव्हते. ते आता पत्रातून गोळा करतो आहे.

परतल्यावर तुझे फेब्रुवारीचे कार्ड काढले. ‘चार दिवस घराला नुसत्या कड्या’, असे त्यावर स्वच्छ लिहिलेले आहे. समासात माझ्याच हाताने लाल शाईत चुका मोजलेल्या आहेत: नऊ. मजकूर मी वाचला नव्हता. पौष पौर्णिमेला म्हसाची जत्रा भरते हे त्या मातीतल्या तान्ह्या मुलालाही ठाऊक असते. आणि मी नेमक्या त्याच तीन दिवसांच्या मोजणीवर सही केली. दुसऱ्या कोणी हे केले असते तर मी त्याला आयुष्यभर क्षमा केली नसती.

शब्दही मी सुधारला आणि अर्थ चुकवला.

तू ओळखलेस ते खरे आहे. मला तो दगड आठवतो तो पायथ्याकडून. आईला खाली ठेवले होते. माणसे खांदे बदलत होती, आणि त्यातला एक जण दगडावर कोपर टेकवून विडी ओढत होता. ती संपेपर्यंत सगळे थांबले. तो दगड मी कामाच्या पहिल्याच दिवशी नकाशावर लाल केला होता, आत्या. अकरा मीटरचा हिशेब नंतर मांडला. हिशेब बरोबर होता, म्हणून मला स्वतःचा संशय आला नाही.

तो आता नाल्याच्या कडेला तीन तुकडे होऊन पडला आहे. मी ते जुळवून पाहिले. मधला भाग चुरा झाला आहे. नवा दगड बसवायचा हे ठरले आहे आणि त्याची परवानगीही मी काढली आहे. जुन्या जागेपासून चार पावले मागे घेतला की चालकाला वळण पूर्ण दिसते आणि तुम्हाला टेकायलाही मिळते. दोन्ही साधते. हे मार्चमध्येही साधले असते.

अडचण एकच. माझ्या नकाशात त्या दगडाची लांबी आहे, रुंदी आहे, रस्त्यापासूनचे अंतर सेंटिमीटरपर्यंत आहे. उंची नाही. नकाशा वरून पाहतो. वरून उंची दिसत नाही.

म्हणून तुला काम सांगतो. भिजवून वाळवलेली सुतळी घे, कोरी घेऊ नकोस, ती ताणली की वाढते. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभी राहा. टाचेपासून खांद्यापर्यंत सुतळी धरायला शकूला सांग, आणि खांद्याशी गाठ मार. पाकिटात घालून पाठव. कोणत्याही पुस्तकातला आकडा मला आता नको.

तुझा
रवी

———

२८ नोव्हेंबर

रवी,

डोक्यावर हात. पाकिटात सुतळी हाय. भिजवून वाळवली. शकू म्हनते, साहेबाची सुतळी पन शिकलेली लागते.

दोन गाठी हायत. खालची माझी. शकूनं धरली, मी ताठ उभी राहिले. ती म्हनली चोरून टाचा उचलू नको.

वरची तुझ्या आईची.

अंदाज नाय. आपल्या घरात मधला खांब हाय ना, मेढ, तिला खुंटी हाय. दादानं ती लग्नाच्या साली ठोकली. जना बाजारनं आली की तिला चुंबळ अडकवायला जागा पायजे, डोक्यावरनं काढली की सरळ हात जाईल अशी. दादानं तिला मेढीला पाठ लावून उभी केली आनि खांद्याला माप घेतलं. मी कंदील धरला होता. ती हसून हलत होती, दादा ओरडत होता. खुंटी तिथंच हाय. मी आता तिला तुझी घोंगडी अडकवली हाय. तिच्यावरनं सुतळी सोडली आनि गाठ मारली.

दगड कुठल्या गाठीला बसवायचा ते तू ठरव. मी म्हातारी झाले, माझी गाठ खाली आली. पोरींची वर असेल.

पारू आत्या

———

पुणे,
१७ डिसेंबर २०००

आत्या,

सुतळी पोचली. कचेरीत न उघडता घरी आणली. दार लावले आणि भिंतीला धरून मोजली. खालची गाठ एकशे चौदा सेंटिमीटर, वरची एकशे एकोणतीस.

मग मी त्या सुतळीशेजारी उभा राहिलो.

आई मला फार उंच आठवत होती. दाराच्या चौकटीएवढी. तिचा एकही फोटो नाही, म्हणून ते कधी तपासता आले नाही. तिचा खांदा माझ्या सदऱ्याच्या खिशापाशी येतो. मी हात ठेवला असता तर तो खाली वाकवून ठेवावा लागला असता. मी एकोणतीस वर्षे तिच्याकडे मान वर करून पाहत आलो, आणि ती माझ्याहून लहानखुरी बाई होती, वयानेही. ती गेली तेव्हा सव्वीस वर्षांची होती ना? मी अडतीसचा आहे. हे वजाबाकीचे गणित मी यापूर्वी कधी का केले नाही, ते मला सांगता येत नाही.

दोन दगड बसवतो आहे, शेजारी शेजारी. एक तुझ्या गाठीचा, एक तिच्या. मध्ये एका माणसाला बसता येईल एवढी जागा आहे, आणि सकाळी तिथे सावली पडेल अशी दिशा धरली आहे. पदपथही त्या ठिकाणी रुंद केला आहे, कारण भाऱ्याची रुंदी माणसाच्या दुप्पट असते. हेही मला कोणी शिकवले नव्हते.

सुधारित नकाशा काल पाठवला. त्यावर जागेचे नाव लिहिताना आमचा आरेखक विचारायला आला, की साहेब, इथे एक अक्षर चुकले आहे का. मी सांगितले, नाही. त्या नकाशावर ‘इसावा’ असेच लिहिलेले आहे.

सुतळी परत पाठवत नाही. रागावू नकोस.

तुझा
रवी

———

१४ जानेवारी

रवी,

डोक्यावर हात. बुधूनं आनि त्याच्या मानसांनी दोन्ही दगड म्हसाच्या आधी बसवले. बुधूनं आधी उंच दगड दोन बोटं कमी केला होता, म्हनाला एवढ्यानं काय होतं. मी म्हनलं, माझ्या भाच्याला दोन बोटं काय ते विचार. त्यानं काढून परत बसवला.

म्हसाहून आल्यावर काल बाजार होता. मी एकटी गेले. पाटीत वालाच्या शेंगा आनि मुळा. उंच दगडावर खालच्या आळीच्या सुनेनं भारा टेकवला होता. कडेवर पोर. ती मध्ये सावलीत बसली आनि पोराला पुढं घेतलं. मी थोडा वेळ तिथं उभी राहिले.

शकू विचारते, साहेब कधी येनार. मी म्हनलं, दिवाळीला येनार होता, आता होळीला येईल. घोंगडी खुंटीवर हाय. तू ये आनि काढ. तुझा हात सरळ पोचतो का बघू.

आता तू चुका सांगत नायस, ते मला बरं वाटत नाय. या कार्डात किती ते लिही.

पाटी मी माझ्या दगडावर सरकवली. मान मोकळी केली. दोन्ही बाजूंना बघितलं. एक ट्रक होता, त्याला जाऊ दिलं. मग पाटी घेतली आनि तुझा रस्ता ओलांडला.

पारू आत्या